मोठी मूळ संख्या : वजन आणि पुरावा

२ चा १३,६२,७९,८४१ वा घात घेऊन त्यातून १ वजा केला, की येणारी संख्या मूळ आहे, असे ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाले. अमेरिकेतील ल्यूक ड्युरंट यांना सापडलेल्या या संख्येत ४,१०,२४,३२० अंक आहेत. आपले लोकप्रिय विज्ञानलेखन सहसा येथेच थांबते. फार तर ती छापायला किती पाने लागतील, याचा हिशेब देते. ग्रंथाचा परिचय त्याचे वजन सांगून करून द्यावा, तसाच हा प्रकार!

शिवाय ‘सर्वांत मोठी मूळ संख्या सापडली’ असे मथळे येतात. मूळ संख्या अनंत आहेत, हे युक्लिडने दाखवले. तेव्हा ‘माहीत असलेल्यांपैकी’ हे शब्द गाळून चालणार नाहीत. अशी संख्या गुप्त संदेशांना उपयोगी पडते, हेही खरे नव्हे. तेथे काही शे अंकी मूळ संख्या पुरतात, आणि त्या गुप्त असाव्या लागतात. ही तर जगजाहीर!

खरा प्रश्न असा, की ती मूळ आहे हे कळले कसे? घातांक मूळ आहे एवढ्यावर भागत नाही. ११ मूळ आहे, पण २ चा ११ वा घात वजा १ म्हणजे २०४७, आणि २०४७ = २३ × ८९. एकेका संख्येने भागून पाहणे तर अशक्यच. येथे कामी येते ती एदुआर ल्युका यांनी १८७८ मध्ये पाया घातलेली आणि डी. एच. लेमर यांनी १९३० मध्ये सुधारलेली कसोटी.

ती वर्गात करून पाहता येते. ३१ घ्या, म्हणजे २ चा ५ वा घात वजा १. सुरुवात ४ पासून. वर्ग करा, २ वजा करा, ३१ ने भागून बाकी ठेवा : १४, मग १९४, बाकी ८, मग ६२, बाकी ०. घातांकापेक्षा दोन कमी, म्हणजे तीन पायऱ्यांनंतर शून्य आले, म्हणून ३१ मूळ. (घातांक विषम मूळ संख्या हवा.) कसोटीची सिद्धता शालेय गणिताबाहेरची आहे, कृती मात्र नाही.

विक्रमी संख्या बहुतेक याच घाटाच्या का, याचेही उत्तर येथेच आहे. ९ ने भागताना आपण अंकांची बेरीज करतो. तसेच द्विमान पद्धतीत अशा संख्येने भागताना तुकडे पाडून बेरीज केली, की बाकी मिळते. भागाकार करावाच लागत नाही. तरीही नव्या संख्येसाठी पायऱ्या तेरा कोटींहून अधिक. आधी दुसऱ्या एका चाचणीत ती ‘बहुधा मूळ’ दिसली होती. या कसोटीने खात्री झाल्यावरच घोषणा झाली. ‘बहुधा’ आणि ‘सिद्ध’ यांतला हा फरक बातम्यांत क्वचितच येतो.

विद्यार्थ्यांना १२७ साठी हीच कृती करू द्यावी. बाक्या क्रमाने १४, ६७, ४२, १११, ० अशा येतात.