पाचवा नंबर

वाइनवर लिहिणाऱ्यांची भाषा आणि बँकेच्या परिपत्रकांची भाषा यांत एक साम्य आहे : दोन्ही वाचून माणूस होता त्यापेक्षा अडाणी होतो. कुणाला पेल्यात शिसपेन्सिलीचा वास येतो, कुणाला जुन्या चामड्याचा. हे दोन्ही वास मी वीस वर्षं कचेरीत फुकट घेत आलोय. त्यासाठी कुणी पैसे मोजावेत, हे माझ्या कॉमर्सच्या डोक्यात शिरत नाही.

तरीही ‘मॉन्टे बेलो’ या तांबड्या वाइनवर लिहायचं धाडस करतोय. कारण तिचा स्वभाव मुदत ठेवीचा आहे आणि तेवढ्या विषयातलं मला कळतं.

कॅलिफोर्नियात कूपर्टिनोच्या वर सांताक्रूझचे डोंगर आहेत. खाली सपाटीला कॉम्प्युटरच्या कंपन्या आणि आपली निम्मी भाचेमंडळी. वर १,३०० ते २,६०० फुटांवर ‘रिज’चे कॅबर्ने सोविन्यों द्राक्षांचे मळे. माती उथळ, खाली चुनखडी, वर पॅसिफिकचा गार वारा. असे हाल झाले की मणी बारीक राहतो, साल जाड होते. रस कमी, साल जास्त. म्हणून रंग गडद आणि तुरटपणा अस्सल.

१९५९ साली स्टॅनफर्ड संशोधन संस्थेतल्या काही शास्त्रज्ञांनी इथला मळा घेतला. त्यांतल्या ह्यूइट क्रेन यांनी बँक ऑफ अमेरिकेच्या ‘एर्मा’वर, म्हणजे चेकांचे हिशेब करणाऱ्या यंत्रावर, काम केलेलं. कारकुनाच्या पोटावर पाय देणाऱ्यांनीच त्याच्या दुःखावर उतारा काढावा, याला म्हणतात माणुसकी!

आता चव. सनीव्हेलला भाच्याने एक कोवळी बाटली उघडली. पहिल्या घोटाला जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ आखडली. ओकच्या पिंपाचा व्हॅनिलासारखा वासही जरा पुढे पुढे करतो. “मामा, थांबा थोडं,” भाचा म्हणाला. अर्ध्या तासाने, आवळ्यावर पाणी प्यावं तशी मागून गोडी आली नि बराच वेळ गेली नाही. सपाटीवरच्या पुष्कळ वाइन आल्याआल्या गळ्यात पडतात; दुसऱ्या पेल्याला त्यांच्यापाशी बोलायला काही उरत नाही. हिचं उलट आहे. दोष एकच, आणि तो मोठा : किंमत. ती ऐकून माझी जीभ पुन्हा आखडली.

२४ मे १९७६ रोजी पॅरिसमध्ये स्टीव्हन स्परियर यांनी फ्रेंच आणि कॅलिफोर्नियाच्या वाइनची नावं झाकून परीक्षा घेतली. तांबड्यांत ‘स्टॅग्ज लीप’ पहिली, १९७१ची मॉन्टे बेलो पाचवी. कॅलिफोर्नियाच्या वाइन लवकर म्हाताऱ्या होतील, अशी फ्रेंचांची कुरकुर. २४ मे २००६ रोजी लंडन आणि नापा इथे त्याच दहा तांबड्या वाइन पुन्हा चाखल्या. पहिली कोण? पाचवी आलेली!

बढतीच्या यादीत मी दोनदा पाचवा होतो आणि जागा चार होत्या. त्यामुळे या निकालाबद्दल मी निःपक्षपाती आहे असं कृपा करून समजू नका. पण डोंगरावर वाढलेल्या वस्तूचा खरा गुण मला तिथेच दिसतो : पहिल्या घोटात ती कुणाला खूश करत नाही आणि तिसाव्या वर्षी कुणाला फसवत नाही. अडचण एवढीच की बाटलीला तीस वर्षं तळघरात ठेवता येतं. कारकुनाला अठ्ठावन्न-साठाव्या वर्षी नारळ देतात.