धर्मपुस्तिकेचा शेवट आणि कृपाबाईंची लेखणी

मराठी कादंबरीचा इतिहास लिहिणारे बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटन'पासून (१८५७) आरंभ करतात, तिच्यातल्या धर्मप्रचाराबद्दल दोन शब्द नापसंतीचे लिहितात आणि पुढे निघतात. त्यामुळे एक प्रश्न विचारायचा राहून जातो. ज्या मिशनरी प्रकाशनव्यवहारातून विधवांच्या दुःखाची ही कथा आली, त्या व्यवहारात स्त्रिया स्वतः काय लिहीत होत्या?

हा व्यवहार लहान नव्हता. लंडनमध्ये १७९९ साली रिलिजस ट्रॅक्ट सोसायटी निघाली. पुढे कलकत्ता, मुंबई, मद्रास येथे तशाच संस्था उभ्या राहिल्या. मुंबईत अमेरिकन मिशनचा छापखाना होता आणि १८४२पासून अहमदनगरहून 'ज्ञानोदय' निघू लागला. या व्यवस्थेला स्त्री लेखकांची गरज होती, आणि तिचे कारण अगदी व्यावहारिक होते. घराच्या माजघरापर्यंत पुरुष मिशनरी पोहोचू शकत नव्हता. तिथे बाईच जाऊ शकत होती, आणि जाताना हातात वाचून दाखवण्याजोगे काहीतरी हवे होते. स्त्रियांसाठी स्त्रियांनी लिहिण्याला एवढा ठाम आश्रय आपल्याकडे त्या काळी क्वचितच दुसरीकडे मिळाला असेल. मात्र त्या आश्रयाला एक अट होती. गोष्ट कुठूनही सुरू होवो, ती कुठे संपायची हे आधीच ठरलेले असे.

हाना कॅथरीन मलेन्स यांचे 'फुलमणी ओ करुणार बिबरण' (१८५२) हे बंगाली पुस्तक याचा नमुना आहे. बाई कलकत्त्यात जन्मलेल्या, मिशनऱ्याची मुलगी आणि मिशनऱ्याची पत्नी. त्यांचे बंगाली सहज होते. पुस्तकाला एका इंग्रजी धर्मकथेचा आधार असला तरी त्यातली वस्ती, भांडणे आणि चुली बंगालच्या आहेत. निवेदन करणारी गोरी मडम देशी ख्रिस्ती बायकांच्या घरी जाते, त्यांचे अंगण पाहते, मुलांचे कपडे पाहते. फुलमणी नीटनेटकी आणि श्रद्धाळू आहे. करुणा गबाळी आणि भांडखोर आहे, पण शेवटी तीही सुधारते. लेखिका बाई, वाचक बाई, पात्रेही बायकाच. तरीही पाहण्याचा अधिकार एकीकडे आणि पाहिले जाण्याची पाळी दुसरीकडे, अशी वाटणी राहतेच. देशी ख्रिस्ती स्त्रीला मडम कशी दिसते, हे पुस्तकात कुठेच येत नाही.

ते आले पस्तीस वर्षांनी, आणि ते लिहिणारी आपल्या नगरची होती. कृपाबाई सत्थियानाधन यांचा जन्म १८६२ साली अहमदनगरला हरिपंत आणि राधाबाई खिस्ती या धर्मांतरित ब्राह्मण दांपत्याच्या पोटी झाला. भावांबरोबर घरीच शिक्षण, मग मुंबईची मिशनशाळा. वैद्यकीय शिक्षणासाठी विलायतेला जायचे ठरत होते, पण प्रकृतीमुळे ते राहिले. १८७८ साली त्या मद्रासच्या मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. पहिले वर्ष उत्तम गेले, पण प्रकृती ढासळली आणि शिक्षण सुटले. 'सगुणा' ही त्यांची आत्मचरित्रात्मक कादंबरी १८८७-८८मध्ये मद्रास ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकात क्रमशः आली. १८९४ साली, पस्तिशीच्याही आत, त्या गेल्या.

'सगुणा'च्या उपशीर्षकात 'नेटिव्ह ख्रिस्ती जीवनाची कथा' असे शब्द आहेत. त्यावरून वाचकाला पुन्हा एखादी फुलमणी भेटेल असे वाटावे. प्रत्यक्षात पहिल्या भागात भेटते ती सगुणेची आई राधा. नवऱ्याने धर्म बदलला म्हणून तिचे घर, माहेर, सोवळेओवळे सगळे एका दिवसात उलटेपालटे होते. हा मुक्तीचा क्षण म्हणून रंगवणे सोपे होते आणि मासिकालाही ते चालले असते. कृपाबाई मात्र राधेची भीती आणि तिचा मुका विरोध नोंदवतात. राधेची श्रद्धा पुढे येते, पण हळूहळू. आणखी एक गोष्ट इथे घडते. मिशनच्या बंगल्यात देशी ख्रिस्तींना हातभर दूर ठेवणारी वागणूक सगुणेला झोंबते आणि ती ते बोलून दाखवते. अंगण तपासायला येणाऱ्या मडमेकडे पाहणारी नजर अखेर कागदावर उतरते, तीही ख्रिस्ती मासिकाच्या कागदावर. सगुणेची श्रद्धा कुठेही डळमळलेली नाही. म्हणून या तक्रारीला बाहेरच्याची टीका म्हणून बाजूला सारता येत नाही.

याहून मोठे पाऊल 'कमला'मध्ये (१८९४) आहे. 'यमुनापर्यटन'मधली यमुना विधवा होते, ख्रिस्ती होते आणि तिचा पुनर्विवाह होतो. धर्मपुस्तिकेच्या हिशेबाने गणित बरोबर सुटते. कमलाही सासुरवास भोगून विधवा होते. तिच्यावर प्रेम करणारा, लग्नाला तयार असलेला पुरुष समोर येतो. ती त्याला नकार देते आणि परोपकारात आयुष्य घालवते. ती ख्रिस्ती होत नाही. लेखिका ख्रिस्ती असूनही नायिकेला स्वतःच्या देवळापर्यंत ओढून नेत नाही. हा नकार आजच्या वाचकाला पारंपरिक वाटेल, आणि तो काही अंशी तसा आहेही. पण सुधारक आणि मिशनरी या दोघांनी तयार ठेवलेले शेवट नाकारण्याचे धैर्यही त्यात आहे.

हे श्रेय देताना एक हिशेब टाळता येत नाही. कृपाबाईंना ही मोकळीक मिळाली ती इंग्रजीत. त्यांचे मासिक कॉलेजचे होते, ट्रॅक्ट सोसायटीचे नव्हते. इंग्रजी वाचणाऱ्या वर्गाला धर्मांतराच्या उंबरठ्यावर आणण्याची घाई तिथे नव्हती, म्हणून गोष्टीचा शेवट लेखिकेच्या हाती राहिला. मराठीत, बायकांसाठी, त्याच काळात मिशनच्या छापखान्याकरिता लिहिले असते तर कमलेला तो नकार देता आला असता का, याची मला शंका आहे. पण याची किंमत आपण मोजली. ज्या राधेची ही कथा, तिच्यासारख्या बाईला ती वाचता येणार नव्हती. मराठी वाङ्मयेतिहासातही कृपाबाईंचे नाव क्वचितच येते, कारण आपण इतिहास भाषेच्या कुंपणाने आखतो.

पंडिता रमाबाईंचे इंग्रजी पुस्तक 'द हाय कास्ट हिंदू वुमन' १८८७चेच, फिलाडेल्फियात छापलेले. तेही आधी परदेशी वाचकासाठी होते. मराठीत हा मोकळा आवाज यायला लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' (१९३४-३७) उजाडावी लागली. तिथेही नवऱ्याचे धर्मांतर आहे, बायकोचा आकांत आहे, सावकाश उमलणारी श्रद्धा आहे आणि मिशनमधल्या माणसांकडे मिस्किलपणे पाहणारी नजर आहे. नगरचाच परिसर, जवळपास तोच अनुभव, पण भाषा माजघरातली.

'स्मृतिचित्रे'ला आपण एकाकी चमत्कार मानत आलो. राधा आणि सगुणा यांना तिच्या शेजारी बसवले, तर तो चमत्कार कमी होत नाही. त्याला एक घराणे मिळते.