पेटीवाचून उपासना

मराठी ख्रिस्ती गीतांविषयी आपल्याकडे जे थोडेफार लिहिले गेले, ते कवीला धरून लिहिले गेले. गाणाऱ्याला धरून फारसे नाही. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे १८९५मधले धर्मांतर, त्यांची अभंगरचना, तुकोबांशी त्यांचे नाते यांवर पाने खर्ची पडली आहेत. पण ज्यांच्यासाठी ही गीते रचली गेली, ती रविवारी जमणारी वीस-पंचवीस माणसे ती कशी गातात, कोणती गातात आणि कोणती पुस्तकातच मिटून ठेवतात, हे विचारल्याशिवाय या वाङ्मयाचे मोल ठरवता येईल असे मला वाटत नाही. रंगभूमीवर न आलेल्या नाटकाबद्दल आपण जसे हात राखून बोलतो, तसेच न गायल्या गेलेल्या गीताबद्दल बोलले पाहिजे.

मी कबनूरला राहतो. इचलकरंजीला चिकटलेले हे यंत्रमागांचे गाव. गेली कित्येक वर्षे मी भजनी मंडळांच्या हस्तलिखित वह्या पाहत, त्यांतल्या चाली टिपत आलो आहे. त्याच ओघात या परिसरातल्या आणि कोल्हापूर-सांगलीकडच्या लहान ख्रिस्ती मंडळ्यांच्या उपासनांना जाऊन बसू लागलो. ‘मंडळी’ हा मराठी ख्रिस्ती लोकांचा ‘चर्च’साठीचा जुना शब्द, इमारत नव्हे, जमलेली माणसे. शहरातल्या मोठ्या मंडळीत पेटी, तबला, कीबोर्ड, कधी गायकवृंदही असतो. लहान मंडळीत यातले काही नसते. पाळक महिन्यातून एक-दोनदा येतो, वाजवणारा कधीच येत नाही. तिथे ‘उपासना संगीत’ हे पुस्तक आणि माणसांचे गळे एवढीच सामग्री असते.

पुस्तक आणि गळा

‘उपासना संगीत’च्या ज्या प्रती लोकांच्या हातांत असतात त्या शब्दांच्या. शब्दांत चाल नसते. चाल असते ती मंडळीतल्या दोन-तीन वयस्कर माणसांच्या, बहुधा बायकांच्या, आठवणीत. म्हणून पुस्तकात शेकडो गीते असली तरी एखाद्या मंडळीचा खरा संग्रह त्या दोन-तीन माणसांना येणाऱ्या गीतांएवढाच असतो. मी टिपणे काढू लागलो तेव्हा वर्षभरात तीच ती तीस-चाळीस गीते फिरून येताना दिसली. मंडळी बदलली की यादी थोडी बदले, आकडा फारसा बदलत नसे.

उरलेली गीते का उरली नाहीत, याचे सोपे उत्तर ‘शिकवायला कुणी नाही’ असे दिले जाते. ते अपुरे आहे. वाजवणारा नसताना काही गीते तगतात आणि काही तगत नाहीत, याचे कारण त्यांच्या बांधणीतही असते.

हा प्रश्न एकट्या मराठी ख्रिस्ती समाजाचा नाही. कोल्हापुरात मिशनचे काम रॉयल गूल्ड वाइल्डर यांनी १८५२मध्ये सुरू केले आणि १८७०मध्ये ते अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले. त्या प्रेस्बिटेरियन परंपरेच्या मुळाशीच वाद्यांवाचूनचे गाणे आहे. १८व्या शतकातच नव्हे, तर १९व्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत स्कॉटलंडच्या बहुतेक चर्चमध्ये ऑर्गनला जागा नव्हती. १६४५च्या वेस्टमिन्स्टर उपासना-मार्गदर्शिकेत तर अशी सोय सांगितली आहे, की मंडळीत वाचता न येणारे पुष्कळ असतील तर एकाने स्तोत्राची ओळ आधी म्हणावी आणि मग सर्वांनी ती गावी.

ही रीत मराठी माणसाला परकी वाटायचे कारण नाही. आपल्या दिंडीत टाळकऱ्यांच्या दोन रांगा समोरासमोर असतात. एक रांग चरण म्हणते, दुसरी तो झेलते. ज्याला अभंग येत नाही तोही तिसऱ्या फेरीला त्यात मिसळून जातो. म्हणजे सातासमुद्रापलीकडून आलेल्या मिशनऱ्यांच्या जुन्या परंपरेत आणि पंढरीच्या वाटेवरच्या परंपरेत एकाच अडचणीवर एकच उपाय निघाला होता. दुर्दैव असे, की मिशन इथे पोचले त्या काळात पश्चिमेकडच्या मंडळ्या तो उपाय मागे टाकून बाजाच्या पेटीकडे, चार आवाजांत बसवलेल्या स्तोत्रांकडे वळल्या होत्या. इकडे आले ते नवे. जुने मागे राहिले.

एक चाल, शंभर गीते

वाद्य नसलेल्या समूहाला थोड्या चालींत पुष्कळ शब्द गाता आले पाहिजेत. स्कॉटिश लोकांनी हे वृत्ताने साधले. १६५०च्या त्यांच्या स्तोत्रसंहितेचा मोठा भाग ८-६-८-६ अशा एकाच मापात आहे; त्यामुळे मोजक्या चाली पाठ असल्या की पुस्तकाचा बहुतेक भाग गाता येई. आपल्याकडे ओवी, अभंग, साकी, दिंडी, आर्या यांचे काम हेच. ज्याला साकीची चाल येते त्याला कुठलीही साकी येते. मोरोपंतांच्या आर्या पुराणिकांच्या तोंडी राहिल्या आणि अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८०मध्ये ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणताना साकी-दिंडीचा आधार घेतला, तो प्रेक्षकांच्या कानांत या चाली आधीच असल्यामुळेच.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयाची सुरुवातही याच शहाणपणाने झाली होती. फादर थॉमस स्टीफन्स यांनी ओवीत लिहिलेले ‘ख्रिस्तपुराण’ १६१६मध्ये छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्या. पण गायला चाल एकच पुरे. जात्यावर बसलेल्या बाईला जी माहीत आहे तिच्याच कुळातली. जात्यावरच्या ओवीला तर साथ फक्त दगडाच्या घरघरीची. गी पॉइटविन आणि हेमा राईरकर यांनी जमवलेल्या लाखाच्या घरातल्या ओव्या पाहिल्या म्हणजे वाद्यावाचून मराठी बाई किती गाऊ शकते याचा अंदाज येतो.

इंग्रजी स्तोत्रांच्या मराठी भाषांतरांचे घोडे इथेच अडते. भाषांतरकाराने अक्षरे बरोबर मोजलेली असतात, पण इंग्रजी चालीचा जोर ठरावीक अक्षरांवर पडतो. ‘देवाची करुणा’ ही साधी सहा अक्षरे घ्या. दुसऱ्या, चौथ्या आणि सहाव्या अक्षरावर जोर देणारी चाल लावली की ‘करुणा’तला ‘क’ ताणला जाऊन ‘काऽरुणा’ होतो. ऑर्गनचा भरघोस आवाज असेल तर हे खपून जाते. नुसत्या गळ्याने गाताना मात्र शब्द उघडा पडतो, माणसे अडखळतात, आणि अडखळलेले गीत पुढच्या वेळी कुणी सुचवत नाही. उलट अक्षरछंदात लघु-गुरूंचा भेद मानला जात नाही. गाणारा प्रत्येक अक्षराला सारखी जागा देतो. माधवराव पटवर्धनांनी ‘छंदोरचना’त हा भेद शास्त्राने मांडला आहे. ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवत. त्यांच्या या मांडणीचा उपयोग उपासना-गीतांच्या विचारात आजवर कुणी फारसा केलेला नाही.

टिळकांच्या दोन वाटा

टिळकांची गीते या कसोटीवर लावली की त्यांचे सरळ दोन भाग पडतात. एक भाग अभंगाचा आणि साध्या ध्रुपदाच्या पदांचा. ध्रुपद आखूड, चरणाची झेप सप्तकाच्या आत, अर्थ ओळीतच पुरा. ही गीते मी पेटीशिवाय, टाळांशिवाय, एकदा तर वीज गेलेल्या खोलीत पुस्तकाशिवायही नीट गायली गेलेली ऐकली आहेत. दुसरा भाग त्या काळच्या कीर्तनी आणि नाटकी पदांच्या वळणाचा. त्यांत ओळी लांब, तानेला जागा, अंतरा तारसप्तकात जाणारा. या गीतांना कुणीतरी कसलेला गायक आणि त्याला सावरणारी पेटी लागते. अहमदनगरला १९व्या शतकाच्या उत्तरार्धात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी ख्रिस्ती कीर्तन रुजवले. तिथे ही पदे शोभत असणार, कारण कीर्तनात बुवा गातो आणि श्रोते ऐकतात. उपासनेत सर्वांनी गायचे असते. कीर्तनातले पद उपासनेच्या पुस्तकात आले की ते छापील उरते.

‘वनवासी फूल’ लिहिणाऱ्या टिळकांना ‘फुलामुलांचे कवी’ म्हणून शाळेच्या पुस्तकांनी ओळख दिली. माझ्या मते त्यांचे अधिक टिकाऊ काम त्या आखूड ध्रुपदांत आहे. तिथे कवीने स्वतःची हौस आवरली आहे. प्रतिमा एकच, शब्द रोजचे, ओळ एका श्वासात मावणारी. वाङ्मयीन दृष्टीने ही गीते ‘साधी’ म्हणून बाजूला ठेवली गेली. पण साधेपणा इथे कवीच्या कुवतीचा नाही, गाणाऱ्यांच्या गरजेचा आहे. आणि ती गरज ओळखून शब्द थांबवणे ही कारागिरीच आहे.

हलगी कुठे गेली?

आता एका अवघड प्रश्नाकडे यावे लागते. मंडळीत वाजवणारा नाही, असे आपण म्हणतो. पण या भागातल्या मंडळ्यांत आलेल्यांपैकी पुष्कळ घराणी महार आणि मांग समाजांतली. हलगी, घुमकं, कैताळ, सनई ही वाद्ये ज्यांच्या हातांत पिढ्यान्‌पिढ्या होती, त्यांच्याच मंडळीत वाजंत्री नाही!

याचा ठपका मिशनऱ्यांच्या नावडीवर टाकून मोकळे होता येत नाही. ती नावड होती. देवळापुढे वाजणारे वाद्य चर्चमध्ये कसे, असे त्यांना वाटे. पण दुसरे कारण आतले आहे. हलगी वाजवणे ही कला होती तशी सक्तीही होती. गावाच्या जत्रेत, लग्नात, मयतात बोलावणे आले की जायचे, आणि मिळेल ते घेऊन लांब उभे राहायचे. धर्म बदलताना त्या माणसांनी हलगी खाली ठेवली ती स्वतःच्या मानासाठी. पुढे आंबेडकरी चळवळीतही गावकीची कामे सोडण्याचा आग्रह याच मानासाठी होता. म्हणून ‘आपली लोकवाद्ये चर्चमध्ये परत आणा’ असे शहरातले हौशी लोक सुचवतात, तेव्हा मंडळीतले जुने लोक गप्प बसतात. त्या गप्प बसण्याचा अर्थ समजून घ्यायला हवा. त्यांच्या आजोबांनी वाद्य सोडून गळा ठेवला, कारण गळ्यावर गावाचा हक्क नव्हता. पेटीवाचूनच्या उपासनेत उणीव आहे खरी, पण तिच्यात एक कमावलेली गोष्टही आहे.

मोबाइलमधला वाजंत्री

गेल्या काही वर्षांत या जागी ब्लूटूथचा स्पीकर आला आहे. कुणीतरी तयार ट्रॅक लावतो आणि मंडळी त्याच्यामागून गाते. याची बाजू आधी मांडतो. चाल सांगणारी शेवटची बाई गेल्यावर गीत कायमचे जाण्यापेक्षा ट्रॅकने ते कानांवर राहते. मुलांना लाज वाटत नाही. रात्रपाळी करून, मागांचा खडखडाट कानांत घेऊन आलेल्या माणसाला मोठ्या आवाजाचा आधारही वाटतो.

तरी माझे मत प्रतिकूल आहे. ट्रॅक थांबत नाही. म्हातारी बाई ओळ संपवायच्या आत तो पुढे जातो. मधल्या संगीताच्या तुकड्यात माणसे नुसती उभी राहतात. पट्टी स्टुडिओतल्या गायकाची असते: बाईच्या आवाजाची काळी चार असेल तर पुरुषांना वरही जमत नाही, खालीही जमत नाही. माणूस सुरुवात करतो तेव्हा आधी गीताची सर्वांत उंच ओळ मनात म्हणून पाहतो आणि त्यावरून खालचा स्वर धरतो. हे अनुभवी बायका न शिकवता करतात. शिवाय एखादे ध्रुपद मंडळीला चौथ्यांदा घ्यावेसे वाटले तर ट्रॅकला ते कळत नाही. उपासनेतला तो सर्वांत जिवंत क्षण असतो, आणि यंत्र नेमके तिथेच संपते. चार-सहा महिने ट्रॅकवर गायलेल्या एका मंडळीत एके रविवारी चार्जिंग संपले, तेव्हा त्यांना आधी सहज येणारे गीतही सुरू करता येईना, हे मी पाहिले आहे.

ट्रॅकची जागा मला आठवड्यात दिसते, रविवारी नाही. बुधवारी घरी ऐकून चाल बसवावी. उपासनेत मात्र एकाने ओळ द्यावी, इतरांनी झेलावी. वाद्य लागलेच तर टाळ पुरेत. ते सूर लादत नाहीत, लय तेवढी धरतात.

याहून निकडीचे काम संग्राहकांचे आहे. ज्या बायकांना तीस-चाळीस चाली येतात त्यांच्या चाली आहेत तशा, घरच्या आवाजात, ध्वनिमुद्रित करून गीताच्या क्रमांकासह ठेवल्या पाहिजेत. स्टुडिओत नेऊन सजवू नयेत. भजनी मंडळांच्या वह्यांबाबत आपण उशीर केला; अनेक वह्यांत ‘चाल : अमुकप्रमाणे’ एवढेच उरले आहे आणि ते अमुक कुणालाच येत नाही. ‘उपासना संगीत’च्या पानांवर अजून ती वेळ आलेली नाही. मराठी समीक्षेने हे पुस्तक धर्माच्या कप्प्यातून काढून गळ्यासाठी लिहिलेले मराठी काव्य म्हणून वाचावे. त्यासाठी आधी एखाद्या रविवारी, पेटी नसलेल्या खोलीत, मागच्या बाकावर बसून ते ऐकावे लागेल.