भुकेची साक्ष

मार्या हॉर्नबाकर या अमेरिकन लेखिकेचें 'वेस्टेड' हें आत्मकथन १९९८ सालीं प्रसिद्ध झालें, तेव्हां लेखिकेस पंचविशीही गांठावयाची होती. इतक्या कोवळ्या वयांत आत्मचरित्र लिहिण्याचा अधिकार कोणास असावा, असा प्रश्न आमच्या कित्येक वाचकांच्या मनांत उभा राहील. परंतु ज्या दुखण्याची ही हकीकत आहे तें मनुष्यास म्हातारपणाची वाट पाहूं देतेंच असें नाहीं. खाल्लेलें अन्न ओकून टाकण्याची संवय जिला नवव्या वर्षीं जडली, पुढें जिनें अन्नच वर्ज्य करण्यास आरंभ केला, आणि वॉशिंग्टन येथील अमेरिकन विद्यापीठांत शिकावयास गेल्यावर, १९९३ सालीं, जिच्या आयुष्याचा आठवडाच उरला आहे असें डॉक्टरांनीं सांगितलें, ती मुलगी वांचली व तिनें हें पुस्तक लिहिलें. अशा पुस्तकापुढें टीकाकाराची जीभ सहजच जड होते. दुःख खरें आहे, मग गुणदोषांची चर्चा कशाला? आमचें मत असें कीं, दुःख खरें आहे म्हणूनच तें सांगण्याची रीत तपासली पाहिजे. कारण हें पुस्तक ज्यांच्या हातीं पडतें त्यांपैकीं कित्येकजणी त्याच दुखण्याच्या उंबरठ्यावर उभ्या असतात.

प्रथम नांवाविषयीं. लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनीं १८७३ च्या सुमारास या रोगास 'अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा' असें नांव दिलें. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ भूक नसणें. आपल्याकडे कोणी त्याचा 'क्षुधानाश' असा तर्जुमा केला, तर तो शब्दशः बरोबर आणि वस्तुतः चूक ठरेल. हॉर्नबाकरबाईंच्या पुस्तकाचा पहिला मोठा गुण हाच कीं, येथें भूक क्षणभरही नाहींशी होत नाहीं. ती दाबलेली आहे, हिणवलेली आहे, रात्रंदिवस तिच्यावर पहारा आहे. पण ती आहे. १९७९ सालीं जेराल्ड रसेल यांनीं ज्या दुसऱ्या रोगाचें वर्णन केलें, त्या 'बुलीमिया'च्या नांवांत तर ग्रीकांनीं बैलाची भूक सांगितली आहे. एकाच मुलीच्या ठिकाणीं हे दोन रोग कसे नांदतात, हें वैद्यकाच्या ग्रंथांपेक्षां या पुस्तकांत अधिक स्पष्ट दिसतें.

बालपणाचा भाग आम्हांस त्या मानानें सामान्य वाटला. आईबाप दोघेंही नाट्यव्यवसायांतलीं. बाप अन्नावर तुटून पडणारा, आई ताटांतलें बाजूस सारणारी, आणि दोघांच्या ओढाताणींत मुलगी. चित्र रेखीव आहे, पण त्या रेखीवपणामुळेंच मनांत शंका येते. विद्यापीठाचीं पानें याहून फार निराळीं आहेत. तेथें मुलगी अभ्यास करते, लिहिते, काम करते, झोप जवळजवळ टाकते आणि दिवसेंदिवस झिजत जाते. परंतु दुरून पाहणारास ती एका होतकरू विद्यार्थिनीची दिनचर्या वाटावी. रोग आणि उद्योगीपणा यांचा चेहरा येथें इतका सारखा आहे कीं, त्यांतला भेद करणें तिला स्वतःलाही जड जावें. घरीं निदान कोणी ताटाकडे पाहणारें असतें. वसतिगृहांत कोण कोणाच्या ताटाकडे पाहणार? शिवाय विद्यापीठ म्हणजे मोजमापाचें घर. गुण मोजावयाचे, तास मोजावयाचे, दुसऱ्याच्या पुढें किती गेलों तें मोजावयाचें. ज्या मनास मोजण्याचींच बक्षिसें मिळालीं तें घासांचीही मोजदाद करूं लागलें, तर त्यांत त्याला कांहीं विपरीत दिसत नाहीं. हें आम्ही आमच्या शब्दांत सांगत आहों. लेखिका तें प्रसंगांतून दाखविते, आणि तेंच अधिक परिणामकारक आहे.

आतां दोष. मोजदादीच्या वेडाचें चित्रण करतां करतां पुस्तक स्वतःच त्या वेडांत सांपडलें आहे. किती पौंड, किती खाणें, कोणती युक्ति करून कोणास फसविलें, याचा तपशील वारंवार येतो. लेखिकेस कांहीं लपवावयाचें नव्हतें हें समजतें. पण रोग्याच्या दृष्टीनें आकडा हा पुरावा नसतो, तें आव्हान असतें. निरोगी वाचक तो वाचून शहारतो. रोगी वाचक स्वतःचा आकडा त्याच्या शेजारीं मांडतो. हें लेखिकेस ठाऊक नव्हतें असेंही म्हणतां येत नाहीं. स्टीव्हन लेव्हेन्क्रॉन यांची याच रोगावरील 'द बेस्ट लिट्ल गर्ल इन द वर्ल्ड' ही १९७८ सालची कादंबरी आपण लहानपणीं वाचली व तिच्या नायिकेसारखें होण्याचा ध्यास घेतला, असें तिनेंच लिहिलें आहे. इशारा म्हणून निघालेलें पुस्तक एका मुलीनें धडा म्हणून गिरवलें. पुढें तिनें लिहिलेलें पुस्तकही कित्येक मुलींनीं तसेंच गिरवलें. तिचें नीचतम वजन प्रकाशकांच्या जाहिरातींतही आलेलें आहे. आम्ही तें येथें छापीत नाहीं.

कारणमीमांसेंत आणखी एक अडचण आहे. आपल्या उपासमारीचीं कारणें लेखिका आपल्या स्वभावांत, घरांत आणि स्त्रीदेहाविषयींच्या अमेरिकन कल्पनांत शोधते, व त्यांत पुष्कळ तथ्य आहे. परंतु ज्या मिनेसोटा राज्यांत ती वाढली, तेथील विद्यापीठांत १९४४-४५ सालीं अ‍ॅन्सेल कीज यांनीं एक प्रयोग केला होता. युद्धांत शस्त्र धरण्यास सदसद्विवेकबुद्धीनें नकार देणारे ३६ धडधाकट तरुण स्वेच्छेनें पुढें आले, व त्यांस सुमारें सहा महिने अर्धपोटीं ठेवण्यांत आलें. हे तरुण पाककृतींचीं पुस्तकें चाळूं लागले, एकेक घांस घोळवीत बसूं लागले, चिडखोर व खिन्न झाले, माणसांतून उठले. त्यांना आरशापुढें उभें राहून झुरावयास कोणी शिकविलें नव्हतें. म्हणजे ज्यास आपण स्वभाव म्हणतों त्यांतला कांहीं भाग केवळ उपाशी मेंदूचा असतो, आणि 'वेस्टेड'मधील कित्येक सुंदर पृथक्करणें या प्रकाशांत पुन्हां वाचावीं लागतात.

खुद्द लेखिकेसही तीं पुन्हां वाचावीं लागलीं. 'मॅडनेस' हें तिचें पुढचें आत्मकथन २००८ सालीं निघालें. उन्माद आणि विषाद यांमध्यें मनास हेलकावे देणारा द्विध्रुवी मनोविकार आपणांस आहे, हें निदान आपल्या चोविसाव्या वर्षीं, म्हणजे 'वेस्टेड' लिहून झाल्यावर झालें, असें तींत ती सांगते. विद्यापीठांतल्या त्या झोपेवांचूनच्या रात्री आतां निराळ्याच दिसूं लागतात. भूक कोठें संपली, उन्माद कोठें सुरू झाला आणि महत्त्वाकांक्षा कितपत खरी होती, हें कोण सांगणार? पहिल्या पुस्तकांत कबुली होती. परंतु कबुली म्हणजे ज्ञान नव्हे. स्वतःच्याच साक्षीची अशी उलटतपासणी करणारे लेखक थोडे, आणि यासाठीं हॉर्नबाकरबाईंविषयीं आमचा आदर दुणावला आहे.

मराठी वाचकांनीं हीं पुस्तकें वाचावींत असें आम्हांस वाटतें, तें अमेरिकेच्या कुतूहलापोटीं नव्हे. आपल्याकडे लंघन हें औषध आहे, उपास हें पुण्य आहे, आणि परीक्षेच्या दिवसांत जेवणाची शुद्ध नसलेली मुलगी ही अभ्यासू मुलगी आहे. पुण्यामुंबईच्या वसतिगृहांत 'आज माझा उपास आहे' असें म्हटलें कीं दुसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. आपला नेहमींचा उपास साबुदाण्याच्या खिचडीवर चांगला पोसलेला असतो, हें सर्वांस ठाऊक आहे. ज्या उपासाला खिचडीही चालत नाहीं त्याकडे मैत्रिणींचें लक्ष गेलें तर बरें. या पुस्तकांचें भाषांतर करण्याचें कोणी मनांत आणल्यास आमची एक सूचना आहे. पहिलें पुस्तक एकटें छापूं नये, दुसऱ्यासह एकत्र बांधावें. आणि वजनाचे आकडे गाळण्यासाठीं लेखिकेची परवानगी मागावी. भाषांतरकारानें मुळाशीं इमान राखावें असा आग्रह आम्ही या पृष्ठांत नेहमींच धरीत आलों आहों. येथें तो धरवत नाहीं.