शिसारीची धार

विंदा करंदीकरांची ‘माझ्या मना बन दगड’ ही कविता पहिल्या वाचनात नकाराची वाटते. भुकेल्यांकडे पाहू नकोस, त्यांचा आक्रोश ऐकू नकोस, आतला उमाळा दाबून टाक, असे कवी आपल्याच मनाला बजावतो. तरीही ज्याने ती एकदा मोठ्याने वाचली आहे, त्याला ती निर्दयतेची कविता वाटत नाही. लोटून देण्याची भाषा बोलता बोलता ही कविता लोटलेल्या माणसाच्या अगदी जवळ जाते, हे तिचे खरे सामर्थ्य आहे.

विंदांचा जन्म 23 ऑगस्ट 1918 रोजी देवगड तालुक्यातल्या धालवली गावी झाला. देवगडच्या माणसाला दगड परका नाही. इथला सडा म्हणजे जांभ्याचा कातळ. त्यात खड्डा मारायचा, माती आणि शेणखत भरायचे आणि हापूसचे कलम लावायचे. घराची भिंत जांभ्याच्या चिऱ्याची आणि कोयता पाजवायचा तोही दगडावर. या मुलखात दगड ही रोजच्या कामाची वस्तू आहे. कवितेतली ‘दगड बन’ ही आज्ञा ऐकताना हा कामाचा दगड ध्यानात ठेवावा, म्हणजे तिचा शेवट आपसूक उलगडतो.

समोरचा रस्ता अटळ आहे, हे विधान कवितेत पुन्हा पुन्हा येते आणि दर वेळी त्या रस्त्यावरचे नवे भय दिसते. आधी दिसतात अन्न, वस्त्र, ज्ञान आणि मान यांना मुकलेली माणसे. या यादीत पोटाच्या भुकेशेजारी ज्ञानाची आणि मानाची भूक बसवली आहे. ज्याला खरोखर पाठ फिरवायची असते, तो समोरच्याचे दुःख इतके नेमके मोजत नाही. डोळे शिवून घे, असे सांगणाऱ्या कवीने ते आधीच सताड उघडे ठेवून सगळे पाहिले आहे.

मग येतो आवाज. कानांवर हात ठेवून भागत नाही, म्हणून कानात शिसे ओतायला कवी सांगतो. या प्रतिमेमागे मला एक जुनी क्रूर आज्ञा दिसते. वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानात वितळलेला धातू आणि लाख ओतावी, असे गौतमधर्मसूत्रात सांगितले आहे. समाजाने ज्यांना ज्ञानापासून हाकलले, त्यांच्यासाठी ठेवलेली ही शिक्षा कवी इथे स्वतःच्या कानांसाठी मागतो. पुढे रस्त्यावरचे निशाचर काळे दात विचकत आत्मा विकायचा उपदेश करतात, तेव्हा त्यांच्या त्या बोलांनाच कवी वेद म्हणतो. ब्रह्म सत्य आणि जग मिथ्या, असे शिकलेल्या समाजात आता सोने सत्य आणि माणूस मिथ्या ठरला आहे. गोएथेचा ‘फाउस्ट’ पुढे मराठीत आणणाऱ्या या कवीला आत्म्याच्या सौद्याचे भय किती आधीपासून छळत होते, ते इथे कळते.

कवितेचा सर्वांत कठोर भाग सहानुभूतीच्या झडतीचा आहे. रडणाऱ्यांबरोबर तू किती रडणार? गालांवरचे खारट पाणी पिऊन कोण जगणार? तुझ्या सुस्काऱ्यांनी मरणाऱ्याला श्वास मिळणार आहे का? हे प्रश्न आपल्याला अडचणीत टाकतात. दुसऱ्याच्या दुःखाने हळहळून आपण चांगले ठरतो, या समाधानाला कवी इथे जागा ठेवत नाही. हळहळ फेकून दे, ती कुणाच्या उपयोगाची नाही, असा हा नकार आहे. पुढे ‘राजा लिअर’चे भाषांतर विंदांनी केले. त्या नाटकात पोटच्या मुलीला हाकलणारा राजा वादळात स्वतः बेघर होतो, तेव्हा त्याला उघड्यावाघड्या गरिबांची आठवण येते आणि आपण त्यांची पर्वा केली नाही हे उमगते. लिअरला ते फार उशिरा कळले. विंदांच्या कवितेतले मन मात्र हे आधीपासून जाणते, म्हणूनच त्याला दगड होणे जमत नाही आणि आज्ञा पुन्हा पुन्हा द्यावी लागते.

शेवटच्या भागात ‘अटळ’ हा शब्द घाणीला आणि शिसारीलाही जाऊन चिकटतो. आपण माणसाला झिडकारतो, हाकलतो, हुसकावून लावतो. या क्रिया दुसऱ्यावर होतात. शिसारी मात्र आपल्याच अंगावर येते. ही शिसारी एकाही गरिबाची नाही, हे नीट पाहावे. भुकेल्याविषयी, फाटक्याविषयी तुच्छतेचे एक अक्षर कवितेत नाही. शिसारी आहे ती माणसाला या दशेला आणणाऱ्या व्यवस्थेची. विंदा इंग्रजीचे प्राध्यापक होते. इंग्रजीत किळस आणण्याला आणि बंड करून उठण्याला ‘रिव्होल्ट’ हे एकच क्रियापद चालते. किळसेपासून बंडापर्यंतची ही वाट विंदा मराठीच्या स्वतःच्या ऐवजावर चालून जातात. घाणीचे खत होईल, असे ते सांगतात. शिते तिथे भुते ही आपली जुनी म्हण. कवितेत अन्यायाची शितेच भुते होऊन उठतात. निशाचरांनी पुजलेल्या सोन्याचे सूळ होतात. मग टापा वाजतात, लाल धूळ उडते आणि येणारा स्वार आपल्या शस्त्राला याच दगडावर धार लावतो.

इथे सगळ्या आज्ञांचा अर्थ पालटतो. मनाला निर्जीव व्हायला सांगितलेलेच नव्हते. येणाऱ्या लढवय्याला धार लावता येईल इतके ते टणक व्हावे, एवढेच कवीचे मागणे होते. आपण स्वतः तो स्वार आहोत, असा दावा कवी करत नाही. धारेच्या दगडाचे काम मिळाले तरी पुष्कळ, असे तो मानतो. मराठीतल्या क्रांतीच्या कवितेत ही नम्रता मला फार मोलाची वाटते.

घाण अटळ आहे म्हणून तिच्याशी जुळवून घेऊ नये, आणि ती पाहवत नाही म्हणून तिच्यात पिचलेल्या माणसाचा तिटकारा करू नये. ही दोन्ही पथ्ये एकाच वेळी पाळणारी ही कविता आहे. ती मनातल्या मनात वाचून ठेवून देऊ नका. खणखणीत आवाजात, पावलांच्या ठेक्यावर वाचा आणि आपली शिसारी कोणावर रोखलेली आहे, हे स्वतःला विचारा.