सत्तर किलोचा दरवाजा

मागच्या दिवाळीत यवतला घरी गेले, तेव्हा चुलतभाऊ भर दुपारी अंगात स्वेटर, त्यावर रेनकोट घालून उसाच्या बांधावरून पळत होता. दुसऱ्या दिवशी कुमार गटाच्या कबड्डी स्पर्धेची वजनं होती. काट्यावर ७१.८ भरत होता, अट ७० ची. रात्री जेवला नाही, सकाळी नुसती चूळ भरली, आणि बसला वजनात. मग एका दमात बाटलीभर पाणी, दोन केळी, आणि दुपारी मॅटवर. तिसऱ्याच चढाईत पोटरीत गोळा आला.

काकू म्हणाली, नजर लागली. गोळा पाणी कमी पडल्यानेच आला असं मीही छातीठोक सांगणार नाही, कारण पेटक्यांच्या कारणावर संशोधकांचंच एकमत नाही. पण मूत्रपिंडाच्या पेशी पाणी कसं राखतात हाच माझ्या पीएचडीचा विषय. त्यामुळे त्या बाटलीबद्दल मात्र बोलते.

७१.८ मधून १.८ गेले म्हणजे अडीच टक्के. साधारण दोन टक्क्यांपुढे पाणी घटलं की दमसास कमी होतो, उन्हात तर जास्तच. आता तुम्ही म्हणाल, पाणी प्यायला ना लगेच? प्यायला, पण घामातून मीठही गेलेलं असतं. नुसतं साधं पाणी भराभर ढोसलं की रक्त पातळ होतं. मेंदूला वाटतं, पाणी भरपूर झालं, आणि पाणी राखायचा निरोप मूत्रपिंडाकडे नेणारं संप्रेरक कमी सुटतं. मग प्यायलेल्यातलं बरंच पाणी शरीरातली तूट भरून निघायच्या आधीच लघवीवाटे बाहेर पडतं. शिवाय उपाशी राहिल्यावर स्नायूंमधली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, उतरते, आणि तिच्यासोबत धरून ठेवलेलं पाणीही जातं. ते भरून यायला एक दिवस तरी लागतो. मुलाला मिळतात चार-पाच तास. तीस सेकंदांच्या चढाईत जोर टिकवायला ताकद लागते ती बरीचशी याच साठ्यातून.

ही पोरांची हौस नाही, नियमच त्यांना तिकडे ढकलतो. कुमार गट म्हणजे वीस वर्षं आणि सत्तर किलो, हे गणित वर्षानुवर्षं आपल्या अंगवळणी पडलंय. मर्यादेमागचा विचार चांगला आहे: धिप्पाड मुलांनी बारक्यांना चिरडू नये. पण ही मर्यादा म्हणजे वरचं छप्पर आहे, खाली जमीनच नाही. सतरा वर्षांचा छप्पन्न किलोचा मुलगा आणि एकोणीस वर्षांचा, सकाळी सत्तर आणि दुपारी एकाहत्तर भरणारा कोपरारक्षक एकाच मॅटवर येतात. म्हणजे बारक्याचं संरक्षण होत नाही ते नाहीच, वर मोठ्याच्या मूत्रपिंडाला त्रास.

अमेरिकेत १९९७ च्या शेवटी कॉलेजचे तीन कुस्तीगीर वजन उतरवताना महिन्याभराच्या अंतराने दगावले, तेव्हा नियम बदलले. रबरी सूट बंद, वजन लढतीच्या जवळ आणलं, आणि हंगामाच्या सुरुवातीलाच लघवीची घनता तपासून प्रत्येकाचं किमान वजन ठरवायला लागले. यातलं शेवटचं महत्त्वाचं. नुसतं वजन उशिरा घेतलं तर पोरं तशीच सुकलेली खेळतील. पॅरिसला २०२४ मध्ये विनेश फोगाटचे शंभर ग्रॅम सगळ्या देशाने मोजले. गावच्या स्पर्धेत पोरं किती सुकून येतात हे कोणीच मोजत नाही.

वजनकाट्याशिवाय कुमारांची स्पर्धा होते का? होते. लॉर्ड मिंटो आपल्याला १९०९ च्या सुधारणांमुळे पाठ असतात. हेच गृहस्थ आधी कॅनडाचे गव्हर्नर जनरल होते, आणि १९०१ मध्ये त्यांनी लॅक्रॉससाठी एक चषक दिला. १९३७ पासून तो कुमार गटाला दिला जातो. आज बॉक्स लॅक्रॉस, म्हणजे बंदिस्त रिंकमध्ये सहा-सहा जणांत खेळायचा धसमुसळा प्रकार, खेळणारे कॅनडाचे कुमार या मिंटो कपसाठी झुंजतात. अट फक्त वयाची.

पण वयाच्या अटीलाही भोक आहेच. त्याच कॅनडात १९८५ मध्ये रॉजर बार्न्सली यांनी कुमार आइस हॉकीपटूंच्या जन्मतारखा मांडल्या, तर जानेवारी ते मार्च जन्मलेल्यांची गर्दी निघाली. गटाची तारीख १ जानेवारी, म्हणून त्या मुलांना लहानपणी काही महिन्यांची जास्तीची वाढ मिळालेली. आपल्याकडे असा अभ्यास जुन्या खेळाडूंवर करायला गेलं तर मजा होईल, कारण मास्तरांच्या कृपेने निम्मं गाव १ जूनला जन्मलेलं!

इंग्लंडमध्ये फुटबॉलवाल्यांनी मुलांना वयाऐवजी वाढीच्या टप्प्यानुसार, म्हणजे अंदाजे पूर्ण उंचीच्या किती टक्के झाली यावर, गटात खेळवून पाहिलं. कल्पना मला आवडते, पण त्यासाठी आई-वडिलांची उंची वगैरे हिशेब लागतात आणि आपल्या स्पर्धेत आधी ग्लुकोजचं पाणी मिळायची मारामार. त्यापेक्षा हंगामाच्या आधी एकदा नीट खाल्ल्या-प्यायल्या मुलाचं वजन नोंदवा आणि त्यावरूनच तो कुठल्या गटात खेळेल ते ठरवा. याला वजनकाटा आणि एक वही पुरते.

भाऊ आता वीस पूर्ण करतोय. खुल्या गटाची मर्यादा ८५ किलो. परवा फोनवर म्हणाला, ताई, चौऱ्याहत्तर भरलो, आणि काकू मागून विचारत होती, अजून एक भाकरी वाढू का.