तादात्म्यवाद आणि ‘वीज’ हा शब्द

जाणीव ही मेंदूतील प्रक्रियाच होय, हे मत यू. टी. प्लेस यांनी १९५६ मध्ये मांडले. १९५९ मध्ये जे. जे. सी. स्मार्ट यांनी त्यास तार्किक बळ दिले. दोघांचाही एक आधार म्हणजे विजेचे उदाहरण. आकाशातील लखलखाट आणि विद्युत्-विसर्जन या शब्दप्रयोगांचे अर्थ भिन्न आहेत, एकातून दुसरा निष्पन्न होत नाही. तरी त्यांनी निर्दिष्ट होणारी घटना एकच, हे संशोधनाने कळले. ‘वेदना’ आणि ‘मेंदूतील अमुक उद्दीपन’ यांचेही तसेच. अर्थभेदावरून वस्तुभेद अनुमानणाऱ्या द्वैतवाद्यांना हे उत्तर बिनतोड आहे.

हेच उदाहरण मराठीत मात्र लंगडे पडते. ‘वीज’ मुळात ढगांतली; पुढे तारांतून घरी आलेल्या शक्तीलाही मराठीने तेच नाव दिले. इंग्रजीत दोहोंना परस्परांशी असंबद्ध असे शब्द आहेत; त्यांपैकी दुसरा तर तृणमण्याच्या ग्रीक नावावरून आलेला. मराठी विद्यार्थ्याला त्या विधानात शोध दिसत नाही, पुनरुक्ती दिसते. (‘विद्युत्’ योजूनही सुटका नाही, ‘वीज’ हा त्याचाच तद्भव.)

ही केवळ भाषांतराची अडचण नव्हे. लखलखाटाचे नाव तारेतील प्रवाहाला देता आले, कारण लखलखाट हे विजेचे एक बाह्य चिन्ह आहे. तो नसला तरी वीज असते. ‘दुखणे’ हे क्रियापद असे स्थलांतरित करून पाहावे. अमुक उद्दीपन झाले, पण काहीच दुखले नाही, तर ‘दुखते आहे’ असे कोणी म्हणणार नाही. येथे चिन्ह आणि वस्तू वेगळी काढता येत नाहीत. सॉल क्रिपके यांनी १९७० च्या प्रिन्स्टन येथील व्याख्यानांत उष्णता आणि वेदना यांत दाखविलेला भेद तो हाच, आणि तादात्म्यवादाला तो जड जातो.

तथापि स्मार्ट यांच्या बाजूनेही मराठीची साक्ष काढता येईल. त्यांच्या मते संवेदनेचे कथन ‘अमुक प्रसंगी घडते तसे काहीतरी घडत आहे’ एवढेच सांगते. घडणारे भौतिक की अभौतिक, याविषयी ते तटस्थ असते. ‘मला दुखते’ या वाक्यात कर्ता नाही, ‘वेदना’ नामक वस्तूही नाही. याहून तटस्थ वाक्य शोधून सापडणार नाही. परंतु त्यातील ‘मला’ काही जात नाही. ‘येथे दुखते’ म्हटले तरी ते अध्याहृत असतेच. स्मार्ट यांच्या विवरणातही प्रथमपुरुष तसाच राहिला आहे, आणि त्याचे काय करावयाचे हे ते विवरण सांगत नाही.